साडेसहाची चाल

३ फेब्रुवारी, सोमवार

तेजश्री मॅडमनी दिलेली वही म्हणजे नुसते रकाने. उठले किती वाजता, चालले किती वेळ, बसले किती वेळ, पडले का. माझा दिवस एवढ्याशा रकान्यात मावायचा नाही, म्हणून लेकीच्या, अपेक्षाच्या अकरावीच्या फिजिक्सच्या वहीतली कोरी पानं घेतली. ही वही मॅडमना द्यायची नाही. कुणालाच दाखवायची नाही.

मॅडम पुण्याच्या दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहेत, पण मूळच्या शिरूरच्या. माझं माहेर वढू बुद्रुक, तेही शिरूरकडचंच म्हटल्यावर मी लगेच मॅडमची ताई झाले. आज दहा वाजता आमच्या गावी, राहूला, घरी आल्या आणि माझ्या दोन्ही नडग्यांवर एकेक पट्टी बांधली. घड्याळाएवढीच, आत मशीन. डावीला हिरवा ठिपका, उजवीला तांबडा.

"ताई, एकच करायचं. रोजच्यासारखं वागायचं," मॅडम म्हणाल्या. "दवाखान्यात तुम्ही सहा मिनिटं चालून दाखवता, ते आम्हाला माहीत आहे. घरी दिवसभर पाय किती वापरता, कुठला किती वापरता, ते कुणालाच माहीत नाही. मुद्दाम काही करू नका. फक्त आंघोळीला पट्ट्या काढा आणि तेवढ्या वेळात चार्जिंगला लावा."

आमच्या आत्या, म्हंजे सासूबाई, सरूबाई नाव त्यांचं, उंबऱ्यात बसून सगळं ऐकत होत्या. मधेच विचारलं, "हिरवं डाव्याला म्हनला न्हवं?" म्हातारीला कशाला पंचायती!

मला एमएस आहे. मल्टिपल स्क्लेरोसिस. सहा वर्षं झाली. गावात कुणाला एमएस सांगितलं की "एमएस-सीआयटी केलं व्हय?" म्हणून विचारतात. मग आमचे हे समजावून सांगतात, की मेंदूपासून पायापर्यंत वायर असती, तिचं कव्हर मधी मधी सोललंय, म्हणून डाव्या पायाला लाईट डिम येती. हे म्हंजे मच्छिंद्र. नवऱ्याचं नाव घ्यायला वही काय लग्नाचा मांडव नाही, आणि हात सवयीनं 'हे'च लिहितो, तर तसंच लिहीन.

आता खरं काय ते लिहिते. दिवाळीच्या गर्दीत मी शिवता शिवता स्टुलावरून पडले. कपाळाला चार टाके. तेव्हापासून यांनी डोक्यात घेतलंय की शिलाई बंद. माझी पायमशीन भांडगावच्या वन्संच्या मुलीला द्यायची. टेम्पोसुद्धा सांगून ठेवलाय, सोळा तारखेचा. मी दोन दिवस यांच्याशी बोलले नाही, नुसती ताटं आपटली. शेवटी तह झाला. हे म्हणाले, "पट्ट्या सांगत्याल तुझ्या पायात काय उरलंय ते. चांगलं निघालं तर मशीन ऱ्हाईल. न्हाई तर तू हट्ट करायचा न्हाई."

मी हो म्हणाले. आता वाटतंय, कशाला हो म्हणाले?

४ फेब्रुवारी, मंगळवार

पट्ट्या रात्रभर खाजल्या. सकाळी काढल्या तेव्हा इतकं बरं वाटलं की विचारू नका.

माझी आंघोळ म्हंजे पाऊण तासाचा कार्यक्रम. गरम पाण्यानं पाय लुळे पडतात म्हणून कोमट पाणी, खाली पाट, धरायला यांनी भिंतीला ठोकलेला पाईप. मग बसूनच साडी. साडेसहाला आत गेले की सव्वासातच्या आत काय बाहेर येत नाही. पट्ट्या मधल्या खोलीत देवाशेजारच्या बोर्डाला चार्जिंगला लावल्या.

आत्यांनी आजपासून सकाळी देवाला जायला सुरुवात केलीय. दोन वर्षं "देव काय घरात न्हाई व्हय" म्हणून उंबरा ओलांडत नव्हत्या. मी म्हटलं, "काय आत्या, देवानं बोलावणं धाडलं का?" तर म्हणाल्या, "तुजं तू बघ." बोलायची पद्धत अशी की वरणात साखर घातली तरी तिखट लागावं.

दुपारी अंगणात दोन फेऱ्या मारल्या. खोटं कशाला लिहू, मुद्दाम मारल्या. पट्टीत दिसावं म्हणून. दुसऱ्या फेरीला डावा पाय चपलेतून निसटला, तरी कळलं नाही. दहा पावलं अनवाणी गेल्यावर अपेक्षा ओरडली, "मम्मी, चप्पल!" लाज वाटली. चपलेची नाही, फेऱ्यांची. मॅडम त्या रिपोर्टावरून आणखी कितीजणींना काय काय सांगणार असतील. उद्यापासून रोजच्यासारखं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

चार्जर खराब आहे वाटतं. पाऊण तास लावूनसुद्धा पट्टीवरचा दिवा पिवळाच. यांना सांगितलं तर यांनी चौफुल्यावरून नवीन वायर आणली, एका शब्दानं कुरकुर केली नाही. हा माणूस असाच आहे. मशीन घालवायला निघालाय म्हणून मी त्याला वाईट म्हणायला जाते आणि तेवढ्यात तो असं काही करतो की रागसुद्धा नीट धरता येत नाही.

खरं तर यांनी मशीनला मोटार बसवून द्यायचंही केलं होतं. मागच्या वर्षी बसवली. पण माझ्या तळपायाला दाबलं किती ते समजत नाही. जरासा पाय टेकवला की मोटार सुसाट. सुई नखातून आरपार गेली. ती मोटार आता माळ्यावर आहे. पायडलचं तसं नाही. हातानं चाक धरलं की थांबतं, माझ्या पायाला समजलं नाही तरी हाताला समजतं. हे मी यांना शंभरदा सांगितलं. यांना फक्त कपाळाचे टाके आठवतात.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

लगीनसराई. चव्हाणांच्या घरचे नऊ ब्लाउज आलेत. दोन ते पाच मशीनवर बसले. खिडकीतून गुऱ्हाळाचा वास येत होता, मळीचा आणि काकवीचा.

मशीनवर बसलं की मी आजारी नसते. हे कुणाला सांगितलं तर हसतील. पायडलवर दोन्ही पाय ठेवायचे, उजवा दाबतो, डावा नुसता बसून जातो. एसटीत फुकट्या प्रवासी बसावा तसा. तरी मला तो हवा असतो शेजारी. चव्हाणांची सून माप द्यायला आली ती म्हणाली, "काकू, तुमच्यासारखी बाही कुणाला बसवता येत न्हाई." तेवढ्यावर माझा आठवडा निघतो.

आत्या माझ्या शेजारी चटईवर पाय लांब करून बसल्या होत्या, तुरीच्या शेंगा सोलत. उठताना "आई गं" म्हणून भिंतीला धरलं. मी म्हटलं, "रोज देवाला पळताय, होणारच." तर म्हणाल्या, "मी काय मागं लागले का तुज्या, तेल लाव म्हनून?" घ्या. चांगलं बोलायची सोय नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

आज ऊन चढलं आणि पाय गेले. अकरा वाजता चुलीपासून उठले ती ओट्यापर्यंत पोचलेच नाही. पडले नाही, बसले. म्हंजे बसल्यासारखी पडले. रकान्यात 'पडले का' याच्यापुढं काय लिहायचं, अर्धा तास विचार केला. शेवटी 'होय' लिहिलं.

हे शेतातून पळत आले. उचलून पंख्याखाली नेलं, ओला पंचा पायावर घातला आणि माझ्या पायथ्याशी बसून राहिले. कांद्याला पाणी चालू होतं ते तसंच सोडून आले होते, वाफे फुटले असणार. मला वाटलं, हा माणूस म्हणतो तेच खरं असेल. मशीन जाऊ दे. मी पडायची आणि यानं पळत यायचं, किती वर्षं?

पण मग संध्याकाळी पडून पडून विचार केला, की शिवणार नाही तर मी दिवसभर करणार काय? लोक भेटायला येतील ते आजारी बाईला भेटायला येतील. आत्ता निदान माप द्यायला येतात.

एक गंमत. उजव्या पट्टीच्या रबरात कुसळ अडकलेलं सापडलं. मी तर महिन्यात शेतात पाऊल टाकलं नाही. मांजर पट्ट्यांशी खेळत असणार, त्याला उद्यापासून मधल्या खोलीत येऊ द्यायचं नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

सुटले! सकाळची आंघोळ झाल्यावर पट्ट्या खोक्यात भरल्या. हे केडगावला जाऊन मॅडमच्या माणसाकडं देऊन आले. नडग्यांवर पांढरे वळ राहिलेत.

आत्यांची देवभक्तीही संपली. सकाळी देवाहून आल्या त्या पलंगावरच पडल्या. म्हटलं, "उद्या नाही का देव?" तर तोंड भिंतीकडं. काय माणूस आहे, काही कळत नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज सगळं लिहायलाच पाहिजे, कितीही पानं लागोत.

मॅडम अकरा वाजता आल्या, लॅपटॉप घेऊन. हे मुद्दाम घरी थांबले होते. आत्या मात्र आतल्या खोलीतून बाहेर आल्याच नाहीत, डोकं दुखतंय म्हणाल्या.

मॅडमनी स्क्रीनवर दोन रंगांच्या रेघा दाखवल्या, हिरवी डाव्या पायाची, तांबडी उजव्याची. पहिलाच प्रश्न, "ताई, तुम्ही रोज सकाळी साडेसहा ते सव्वासात चालायला जाता?"

मी काही बोलायच्या आत हे उठून उभेच राहिले. "पाऊण तास? सातीच्या साती दिवस?" चेहरा असा फुलला की लग्नातसुद्धा एवढा फुलला नव्हता. "मला बोलली न्हाईस कधी! मंग झालंच की! पाऊण तास चालनारी बाई मशीन चालवील न्हाई तर काय!"

मशीन राहिली. एवढं सोपं. मी नुसतं गप्प बसायचं होतं. आणि मी बसले गप्प. मिनिटभर तरी बसले. देवाशपथ, मनात आलं की असू दे, चुकून काहीतरी झालंय, ते माझ्या फायद्याचं झालंय.

पण मॅडम स्क्रीनकडं बघत मान हलवत होत्या. "हेच मला कळत नाही. ही चाल तुमची नाही. तुमचा डावा पाय ओढतो. इथं डावा अगदी खणखणीत पडतोय, आणि उजवा टेकला की लगेच उचलला जातोय. ज्या कुणाची ही चाल आहे, तिचा उजवा गुडघा चांगलाच दुखतोय. पहिल्या दिवसापेक्षा सातव्या दिवशी जास्त."

हे म्हणाले, "मंग कुणाची चाल हाय ही?"

पिवळा दिवा, कुसळ, देव, भिंतीला धरून उठणं, सगळं एकदम समोर. मी म्हंजे ठार आंधळी. मांजरावर आळ घेतला मी!

नाव घेतलं नाही. म्हटलं, "मॅडम, त्या वेळेला मी आंघोळीत असते. पट्ट्या चार्जिंगला असतात. तेवढं सगळं खोडून टाका, ते माझं नाही. आणि मंगळवारी दुपारी मी दोन फेऱ्या मुद्दाम मारल्यात, त्या पण खोडा."

यांचा चेहरा पडला. आतल्या खोलीत पलंग कुरकुरला. मॅडमनी ओळखलं असावं. सकाळचं काढून टाकलं. मग उरलं ते थोडंसंच. उजवा दहा वेळा उचलतो तर डावा सहाच वेळा नीट उचलतो, बाकी ओढतो. चालणं सगळं मिळून फार कमी. मी यांच्याकडं बघितलं नाही.

"पण हे बघा," मॅडम म्हणाल्या. "दुपारी दोन ते पाच. इथं दोन्ही पाय जवळजवळ सारखे हलतायत. एवढे तुमचे पाय दिवसात दुसऱ्या कुठल्याच कामाला लागत नाहीत. काय करता तेव्हा?"

"शिवते," मी म्हटलं. आणि तेही खरं सांगून टाकलं. "पण ते मोजू नका. डावा तिथं काम करत नाही. उजवा पायडल दाबतो, डावा नुसता वर बसून हलतो."

"कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला पाहिजे? माझा पाय आहे."

"चला, बघू," म्हणाल्या.

मशीनवर बसले. चव्हाणांच्या ब्लाउजची अर्धी बाही सुईखाली तशीच होती. मॅडम खाली बसल्या, माझा उजवा पाय उचलून बाजूला ठेवला. "आता नुसत्या डाव्यानं."

सहा वर्षांत मी असं कधी केलं नव्हतं. करायचं सुचलंच नाही. मी त्याला कामावरून काढून टाकलं होतं, त्याला न विचारता. हातानं चाकाला झोका दिला आणि दाबलं. वाटलं नाही काहीच, पायाला कळतच नाही ना काही. पण चाक फिरलं. एक. दोन. तीन. सुई खाली-वर होत होती आणि कापड पुढं सरकत होतं. हे मोठ्यानं मोजायला लागले. अकरापर्यंत गेलं. बाराव्याला पाय थकला, चाक उलटं फिरलं आणि दोरा तुटला.

मी खाली बघत होते, त्या पायाकडं. मेला, ओढ्या, फुकट्या, काय काय म्हटलं होतं मी त्याला. मला त्याची माफी मागावीशी वाटली. हसू आलं आणि रडूही आलं.

मॅडम म्हणाल्या, "तो नुसता बसून जात नाही, ताई. थोडा का होईना, दाबतो. हे काम सोडलं तर तेवढंही जाईल, असं मला वाटतं. पण स्टूल काढा. पाठीची, हातांची खुर्ची घ्या. वीस मिनिटं शिवलं की दहा मिनिटं थांबा, आणि पंखा हवाच."

हे बाहेर गेले. वाटलं रागावले. तर ओसरीवरून वन्संशी फोनवर बोलत होते, "ताई, मशीन न्हाई द्यायची. न्हाई, न्हाई, पैशाचं न्हाई. आमालाच लागती." मग आत येऊन स्टूल उचललं आणि परसात नेऊन ठेवलं. माझ्याजवळ येऊन एवढंच म्हणाले, "अकरा झालं गं. मी बारा म्हननार व्हतो."

१५ फेब्रुवारी, शनिवार

हे शेतात गेल्यावर आणि अपेक्षा कॉलेजला गेल्यावर तेलाची वाटी कोमट करून आत्यांच्या पलंगावर जाऊन बसले. त्यांनी पाय लुगड्यात ओढून घेतला.

"आत्या, पट्ट्या कुणी बांधल्या?"

"कसल्या पट्ट्या?"

"हिरवी डाव्याला, तांबडी उजव्याला."

तोंड भिंतीकडं केलं. मग म्हणाल्या, "खोडून टाकलंस म्हनं सगळं."

"टाकलं."

"पार ओढ्यापातूर जात व्हते मी," म्हणाल्या. आवाज चिडका. "मशीन बंद पडली की मला घर खायाला उठतं. मच्छिंद्राला काय, त्यो रानात. दुपारभर हितं मी आन् तू. मशीन गेल्यावर तू नुसती आढ्याकडं बघत पडशील, आन् मी तुज्याकडं बघत. नगं बाई."

मी म्हटलं, "अहो, पण चालणं माझ्या नावावर आणि दुखणं तुमच्या नावावर, हा कुठला न्याय? मॅडमना माझेच पाय मोजायचे होते."

तर माझ्याकडं असं बघितलं, जणू काही मीच अडाणी. "घरातलंच चालनं हाय न्हवं? तू चालली काय, मी चालली काय."

बावीस वर्षं झाली लग्नाला. मला वाटायचं, या बाईला मी घरात नुसती चालते, आवडत नाही. मी लुगडं वर सारून गुडघा उघडा केला. सुजून टम्म झाला होता. किती दिवस दुखतोय म्हणून विचारलं, तर म्हणाल्या दोन वर्षं. दोन वर्षं! आणि मी रोज "काय आत्या, बसून राहता" म्हणून टोमणे मारत होते. त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकवून मी रडले, चांगली हुंदके देऊन. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "तेल सांडंल."

मॅडमना फोन करून सगळं सांगितलं. त्या हसल्या, मग म्हणाल्या, "आजींना आधी दाखवून घ्या." सोमवारी दौंडला हाडाच्या डॉक्टरकडं दोघींनी जायचं ठरलं. यांना सांगून ठेवलंय, गाडी पार दाराला लावा, दोघींच्या चार पायांत धड दोनच आहेत आणि ते दोघींना पुरवायचेत.